गिरधर सरांचा आवाज बसला

दोंडाईच्याजवळच्या एका गावात गिरधर सर मुख्याध्यापक होते, आणि आपण फार चांगले बोलतो असा त्यांचा पक्का समज होता. हा समज कुणी करून दिला, हे विचारलं तर ते हसून म्हणत, "कुणी नाही. मी एकटाच ऐकायला असायचो ना."

यात खोटं काही नव्हतं. पालकसभा महिन्यातून एकदा, सकाळी अकराला. सर इस्त्रीचा शर्ट घालून 'शाळा, घर आणि गाव' या विषयावर बोलायला उभे राहत. समोर शाळेची स्वयंपाकीण, एक बहिरे आबा आणि वर्गात राहून गेलेलं दप्तर. सर तरीही पाऊण तास बोलत. नंतर शिक्षकांना म्हणत, "पालकांना आस्थाच नाही हो."

एकदा शाळेच्या फाटकाशी त्यांना बेबाबाई भेटली. तिची लेक भूमिका चौथीत होती. सरांनी तिला सभेला न येण्याबद्दल ऐकवलं. बेबाबाईने डोक्यावरचं बोचकं सावरलं.

"सर, तुम्हनी सभा अकराले. अकराले आम्ही पथारीवर ऱ्हातस. कशी भेट व्हई?"

पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. हंगामात निम्मं गाव तिथेच असायचं, बायका दिवसभर देठ खुडत बसायच्या. सरांची फटफटी रोज त्या लाल मैदानावरून जायची. आपले सगळे पालक उजव्या हाताला बसलेले असतात आणि आपण डाव्या हाताला शाळेत त्यांची वाट बघतो, हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. आपल्याला दूरदृष्टी फार, असं सर म्हणत. जवळचं काहीच दिसायचं नाही, हेच त्याचं कारण.

मग त्यांनी ठरवलं, सभा पथारीवर. पथारीचे मालक जहांगीरभाई. ते म्हणाले, "घ्या सर, पण बायकांचे हात थांबायला नकोत." सरांनी पिशवीत गोष्टींची चार पुस्तकं घेतली, बायकांना दाखवायला. संध्याकाळी, पोरंही आयांजवळ येऊन बसलेली असताना, ते मिरचीच्या ढिगाशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या मातांनो—"

पुढचं वाक्य शिंकेत गेलं. मग आणखी एक शिंक आली, आणि मग त्यांना मोजताही येईनात. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहायला लागलं. तशातही सर "मुलांचं भविष्य" म्हणायचा प्रयत्न करत होते. मागच्या बायकांना वाटलं, सर पोरांच्या काळजीने रडताहेत.

"रडू नका सर," एक म्हातारी अक्का कळवळून म्हणाली. "पोरं शिकतीन."

बेबाबाईने त्यांना सावलीत बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. खोकून खोकून सरांचा आवाज पार बसला होता. आलोच आहोत तर सभा पुरी करायला हवी, एवढं मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी पिशवीतलं एक पुस्तक भूमिकाच्या हातात दिलं आणि खुणेने सांगितलं, वाच.

भूमिका लाजत उभी राहिली. गोष्ट एका लबाड कोल्ह्याची होती. ती अडखळत वाचू लागली. जोडाक्षर आलं की थांबायची, ओठ हलवायची, मग पुढे जायची. खुडणारे हात चालूच होते, पण गप्पा थांबल्या. एका ठिकाणी ती बराच वेळ अडली, तेव्हा अक्का म्हणाली, "मंग? मंग काय व्हयनं?" भूमिकाने घाईघाईत तो शब्द सोडवला, कारण सगळ्या जणी वाट बघत होत्या.

बेबाबाई हात थांबवून लेकीकडे बघत होती. जहांगीरभाईंनी ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

"मन्ही पोर इतलं वाचस," ती सरांना हळूच म्हणाली, "हाई माले माहीतच नव्हतं. घरी कोणी तिले वाच म्हनतच नई. आम्हले येत नई ना."

सरांना पुष्कळ बोलायचं होतं. घशातून फक्त हवा आली. पुढे ते सांगत, त्या दिवशी आवाज असता तर मी भूमिकाला वाचूच दिलं नसतं, वाचनाचं महत्त्व समजावून सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, नाकाला रुमाल बांधून. संध्याकाळी मिरचीचं वजन होईपर्यंत बायका काट्यापाशी ताटकळत बसायच्या. त्या वेळात पोरांनी वाचायचं आणि आयांनी ऐकायचं, असं ठरलं. वाचता येत नसलं तरी "मंग?" म्हणायला काय लागतं? जहांगीरभाईंनी शेडचा कोपरा झाडून दिला, दिवा लावून दिला. मग जरा संकोचून म्हणाले, "आमची नात नाजमीन उर्दू शाळेत आहे. तिचं ऐकाल का?" नाजमीनने उर्दूतली गोष्ट वाचली. बायकांना निम्मीच कळली, उरलेली तिने आपल्या शब्दांत सांगितली. "मंग?" तिलाही विचारलं गेलं.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. दोन पोरं वाचायच्या वेळी मिरचीच्या ढिगामागे दडायची. एका बापाने येऊन विचारलं, "हाई शाळा शे का बाजार शे?" सरांनी त्याला तिथेच बसवलं आणि त्याच्या मुलाला वाचायला लावलं. बाप शेवटपर्यंत बसला, आणि पुढच्या आठवड्यात परत आला.

ही गोष्ट शिंदखेड्याला पोहोचली. केंद्रप्रमुख कामिनी मॅडमनी सरांना शिक्षकांच्या प्रशिक्षणात बोलायला बोलावलं. सोबत बेबाबाईलाही. 'शिक्षकांनी कमी बोलावं' या विषयावर सर एक तास बोलले. मॅडमनी चिठ्ठी पाठवली तेव्हा थांबले. बेबाबाईच्या वाट्याला जेवणाच्या सुट्टीआधीची दोन मिनिटं आली. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आम्ही ऐकतस. पोरं वाचतस. इतलंच शे." टाळ्या तिला जास्त पडल्या. सर स्वतःही वाजवत होते, जरा उशिरा.

होळी झाली, मिरची सरली, पथारी रिकामी पडली. आता वाचन बंद पडणार, असं सर धरून चालले होते. एका सकाळी बेबाबाई ती चार पुस्तकं घेऊन शाळेत आली. बायका आता कांदा काढायला दुसऱ्या गावच्या मळ्यात जाणार होत्या, पोरंही सुट्टीच्या दिवशी सोबत असणार होती.

"ही पुस्तकं वाचाई गयात," ती म्हणाली. "दुसरी द्या. जराशी मोठी."

सरांनी कपाट उघडलं. बेबाबाईने उभ्या उभ्या पानं उलटून चित्रं पाहिली, तीन पुस्तकं निवडली आणि भाकरीच्या फडक्याशेजारी पिशवीत ठेवली.