दारखाऊची सहा दारं

बंगल्यातल्या बाई कंबर धरून पुटपुटल्या, "बारा वर्षं झाली हो या दारांपुढे वाकतेय मी. देवापुढेही एवढी वाकले नाही."

सुतार हॉलच्या दारासमोर उभा होता आणि त्याची नजर कडीवर खिळली होती. कडी जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर होती. सहा वर्षांच्या पोराचा हात सहज पोचेल, अशी.

मोठ्यांच्या घराला अशी कडी कोण लावेल? कोणीच नाही. आणि ही लावली होती त्यानेच.

"सगळ्याच दारांना अशीच आहे?" त्याने विचारलं.

"सहाच्या सहा. न्हाणीघराचं दारसुद्धा! आमचे साहेब म्हणतात, कडी हलवली तर लाकूड खराब होईल. कुठल्याच सुताराला घरात पाऊल टाकू देत नाहीत. आता ते पाच दिवस दौऱ्यावर गेलेत, तेवढ्यात मी फर्निचरच्या दुकानदाराला सांगून तुम्हाला बोलावलं. रविवारी त्यांच्या निवृत्तीचा समारंभ आहे, इथेच. वरचे अधिकारी येणार. त्यांनाही वाकायला लावू का?"

सुताराने स्टूल मागितलं, त्यावर चढला आणि दाराच्या वरच्या कडेवर बोट फिरवलं. धुळीचा थर निघाला. उभ्या पट्टीच्या टोकावर जंगल खात्याच्या हातोड्याचा गोल शिक्का होता आणि त्यात आकडा. दाराची वरची कड सुताराशिवाय कोणी बघत नाही, म्हणून तो शिक्का त्याने त्या वेळी तासला नव्हता. उगाच हौस म्हणून ठेवला होता.

तो स्टुलावर तसाच उभा राहिला.

बारा वर्षांपूर्वी डोंगरावरच्या त्याच्या आदिवासी वस्तीला शाळेची इमारत मंजूर झाली. भिंती आणि छप्पर सरकारच्या पैशातून, दारांचं लाकूड मात्र वस्तीने द्यायचं, अशी अट होती. वस्तीने आपली चार झाडं दिली. जंगल खात्याच्या माणसाने येऊन एकेका ओंडक्यावर शिक्का मारला. दारं करायचं काम सुताराकडे आलं. दोन महिने त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. शाळा पोरांची, तर कडी पोरांच्या हाताला आली पाहिजे, हे त्याचं स्वतःचं डोकं. घरी सहा वर्षांची लेक होती. तिला भिंतीशी उभं करून त्याने माप घेतलं होतं.

दारं तयार झाली. बांधकाम खात्याचे साहेब ट्रक घेऊन आले. "रंग देऊन आणतो," म्हणाले. सुताराने दारं स्वतः ट्रकात चढवली, खाली जुनी पोती घातली, खरचटू नयेत म्हणून. पावती मागायचं त्याला सुचलंसुद्धा नाही. साहेबांकडे कोण पावती मागतो?

दारं परत आली नाहीत. महिन्याभराने साहेब वस्तीच्या बैठकीत बसून शांतपणे म्हणाले, "कसली दारं? तुमच्या सुताराने दारं दिलीच नाहीत मला. लाकडाचं काय केलं, ते त्यालाच विचारा."

सुताराचा सख्खा चुलता उठला. वस्तीत त्याच्या शब्दाला मान. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरांची दारं खाल्लीस रे तू! पचतील का?"

त्या दिवसापासून सुताराचं नाव दारखाऊ पडलं. पोरं मागून ओरडत, "दारखाऊ, आज काय खाल्लं, खिडकी?" काम मिळेना. तो शहरात एका फर्निचरवाल्याच्या शेडमध्ये राबू लागला आणि महिन्यातून एकदा मान खाली घालून घरी जाऊ लागला. इमारत कागदावर अपुरी राहिली, म्हणून मास्तरांची नेमणूक झाली नाही. उघड्या खोल्यांत शेळ्या बसत. डोंगराखालच्या गावात चालत जाणाऱ्या त्याच्या लेकीचं शिक्षण चौथीत सुटलं. आता तिच्या थोरल्या भावाची मुलगी सहा वर्षांची होती.

तो स्टुलावरून उतरला.

"बाई, कडी वर घेता येईल. पण जुनी भोकं बुजवायला हवीत, शिवाय पल्ले फुगलेत, रंधा मारावा लागेल. इथे केलं तर घरभर भुसा होईल. शेडमध्ये न्यावे लागतील."

"रविवारच्या आत मिळतील ना?"

"रविवारच्या आत जिथल्या तिथे लागतील. माझा शब्द." तो थांबला. "फक्त एक चिठ्ठी द्या. दारं नेण्यासाठी दिली, सहा नग, तारीख आणि तुमची सही."

"चिठ्ठी कशाला? विश्वास आहे तुमच्यावर."

"तुमचा आहे हो, बाई. लोकांचा नसतो."

बाईंनी चिठ्ठी लिहून दिली. त्याने ती दोनदा वाचली, चार घड्या घातल्या आणि आतल्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेम्पो घेऊन आला. सोबत बायको होती. शेवटचं, न्हाणीघराचं दार उचलताना ती हळूच म्हणाली, "अहो, हे तरी राहू द्या. पाहुणे येणार आहेत, पंचाईत होईल."

"म्हणूनच नेतोय."

"बारा वर्षं माझ्याशी नीट हसला नाहीत, आणि आज न्हाणीघराचं दार बघून दात दिसतायत तुमचे!"

"धर नीट. खरचटेल." आणि त्याने खाली पोती घातली, अगदी तशीच.

शनिवारी दुपारी साहेब दौऱ्यावरून परतले आणि पाच मिनिटांत सुताराचा फोन वाजला.

"दारं कुठायत माझी?"

"शाळेत, साहेब. डोंगरावरच्या. आताच शेवटची बिजागरी बसवली."

साहेबांना आता आवाज ओळखू आला.

"तू... तोच का? पोलिसांत देईन तुला! चोर कुठला!"

"द्या ना. तक्रारीत एवढं लिहा, की दारांच्या वरच्या कडेवर जंगल खात्याचे शिक्के आहेत. आकडे पाठ नसतील तुम्हाला. सांगू का? घ्या लिहून."

साहेबांचा आवाज एकदम उतरला. "हे बघ, दादा, झालं गेलं. उद्या मोठे लोक येणार आहेत. सोमवारी मी तुला नवीन दारं करवून देतो, शाळेला. उद्यापुरती तेवढी—"

"साहेब," सुतार म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होता ना, कसली दारं? तेच सांगा पाहुण्यांना. आणि न्हाणीघराला पडदा लावा. जाड लावा."

त्याने फोन बंद केला. असा गोड घास त्याने बारा वर्षांत खाल्ला नव्हता.

पण अर्धंच काम झालं होतं. शाळेसमोर वस्ती जमली होती. त्याने कोणाला बोलावलं नव्हतं, पण सहा दारं टेम्पोतून डोंगर चढून येतात तेव्हा निरोप द्यावा लागत नाही. त्याने पहिल्या दारापाशी शिडी लावली आणि चुलत्याकडे बघितलं. चुलता आता सत्तरीच्या पुढचा होता, गुडघे धरलेले.

"चढा, काका. वरची कड बघा."

"मला चढवत नाही रे."

"चढा. मी शिडी धरतो. बारा वर्षं पडू दिलं तुम्ही मला. मी नाही पडू देणार तुम्हाला."

म्हातारा चार पायऱ्या चढला. शिक्का बघितला, बोटाने चाचपला. ओंडक्यांवर शिक्के मारले गेले तेव्हा तोच उभा होता मोजायला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कुठे होती ही?"

"साहेबाच्या घरी. ही त्याच्या बायकोची चिठ्ठी, वाचून घ्या कोणाकडून. सोमवारी हीच चिठ्ठी घेऊन मी जिल्ह्याच्या कचेरीत जाणार आहे. इमारत पुरी झाली म्हणून सांगायला, आणि दारं इतकी वर्षं कुठे होती तेही."

मागून एक पोरगं नेहमीच्या सवयीने "दारखा—" म्हणालं आणि त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

चुलता खोलीत जायला दारापाशी गेला. कडी काढायला हात वर नेला, मग खाली. त्याला कमरेतून पुरतं वाकावं लागणार होतं.

"ही कडी जरा वर घे रे," तो क्षीण आवाजात म्हणाला. "माझे गुडघे..."

"नाही, काका. शाळा पोरांची आहे." सुताराने हाताची घडी घातली. "वाका."

सगळी वस्ती बघत होती. म्हातारा चौकटीला धरून हळूहळू वाकला. तेवढ्यात सुताराची नात पुढे झाली आणि तिने त्याच्या हाताखालून कडी सहज काढून दिली.

सुताराला ते आवडलं नाही. त्याने नातीला बाजूला केलं, कडी पुन्हा लावली आणि चुलत्याकडे बघत उभा राहिला.