पाच वेळा ‘नाही’

माझी पाठ्यपुस्तकं जिथे छापली जात त्या छापखान्यातल्या मुद्रितशोधकांना सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तेही निमूटपणे ओ देत. छपाईचे शिशाचे खिळे जाऊन संगणक आला तरी मालक त्यांच्या सहीशिवाय यंत्र सुरू करत नसत. बोलणं मोजकं, चष्मा जाड, आणि एखादी वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटलेली मी बावीस वर्षांत पाहिली नाही.

मी कॉलेजात चौतीस वर्षं पाली शिकवली. निवृत्त झाल्यावर मालक म्हणाले, बौद्ध ग्रंथांतलं निवडक असं एका खंडात द्या. मूळ ग्रंथ कपाटभर, माझ्या वाट्याला तीनशे चौऱ्याऐंशी पानं. सोळा पानांचा एक फर्मा, असे चोवीस फर्मे. पान वाढलं की फर्मा वाढतो, आणि फर्मा वाढला की मालकांचा रक्तदाब.

मग मी कात्री चालवली. पहिली लागली ती पुनरुक्तीला. हे ग्रंथ मुळात तोंडपाठ करायचे, त्यामुळे एकच गोष्ट पाचपाचदा, दहादहादा येते. आजच्या वाचकाला एकदा सांगितलं की पुरे, असं माझं ठाम मत होतं. ठाम मतांची मला कधीच टंचाई पडली नाही.

सातव्या फर्म्यावर कानामात्रा अडले. प्रूफ घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, इथे पाच प्रश्न होते, एकच उरलाय. जागा मला ठाऊक होती. बुद्ध भिक्षूंना विचारतो, शरीर टिकणारं की नाशिवंत, जे टिकत नाही त्यात सुख कुठलं, मग त्याला ‘हे माझं’ म्हणणं बरोबर आहे का? भिक्षू म्हणतात, नाही. मग हेच सगळं संवेदनेबद्दल, ओळखीबद्दल, मनाच्या घडणीबद्दल आणि शेवटी जाणिवेबद्दल, अक्षरशः त्याच शब्दांत. मी पहिलं ठेवून खाली एक ओळ टाकली होती, ‘बाकी चारांबाबतही असेच समजावे.’

“समजावं कुणी?” त्यांनी विचारलं, आणि सही न करता प्रूफ ठेवून घरी गेले.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रूफ घेऊन मी त्यांच्या घरी भांडायलाच गेले. तिसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीशी लोखंडी पलंग, त्यावर त्यांची बायको, आमच्या वहिनी. पूर्वी छापखान्याने या ग्रंथांचं संपूर्ण भाषांतर काढलं तेव्हा वहिनी घरी हस्तलिखित मोठ्याने वाचायच्या आणि हे प्रूफ ताडून बघायचे. सगळे खंड दोघांनी असे पार पाडले. चार वर्षांपूर्वी वहिनींची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला एकच शब्द, ‘नाही’. भूक लागली का? नाही. आणि चमचा पुढे केला की खातात. दुखतंय का? नाही, आणि डोळ्यांतून पाणी.

मी बसले तर कानामात्रांनी प्रस्तावना वगैरे केलीच नाही. माझंच प्रूफ उचलून वाचायला लागले. शरीराचा प्रश्न आला. “नाही,” वहिनी म्हणाल्या, अगदी जागच्या जागी. पुढे माझी ओळ आली, बाकी चारांबाबतही असेच. ते थांबले. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. डावा हात चादरीवर काहीतरी चाचपडायला लागला. “नाही,” त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या, “नाही, नाही,” आणि त्यांना धाप लागली.

कानामात्रांनी कागद खाली ठेवला आणि उरलेले चारही प्रश्न तोंडपाठ म्हटले, एकही शब्द न गाळता. चारही वेळा उत्तर आलं. हात शांत झाला. मी चौतीस वर्षं तो उतारा शिकवला होता आणि मला तो पाठ नव्हता.

वहिनींचं तोंड पुसत ते म्हणाले, “रोज हे म्हणतो मी. अख्ख्या दिवसात हिचं ‘नाही’ एवढ्या पाच ठिकाणीच बरोबर बसतं. तेवढं कापू नका, बाई.”

मी सुनावलं, की एका आजारी माणसासाठी पुस्तक निघत नसतं. निवड म्हटली की गाळणं आलंच. ते म्हणाले, मान्य. पण कुणाच्या घरात काय लागतं ते गाळणाऱ्याला कसं कळायचं? असले प्रश्न आले की मी चिडते. जिना तशीच चिडून उतरले.

चारही प्रश्न मी परत घातले. दोन पानं वाढली, म्हणजे दोन पानं जाणार. तीन दिवस मी उलटसुलट करत होते. शेवटी एका कुष्ठरोग्याची गोष्ट काढली. गर्दी दिसते म्हणून तो येतो, इथे खायला वाटत असतील या आशेने. वाटत काहीच नसतं, उपदेश चाललेला असतो. तरी तो कडेला बसतो, आणि त्या सगळ्या सभेत समजण्याच्या तयारीचा माणूस बुद्धाला तोच दिसतो. गोष्ट बरोबर दोन पानांची होती. एवढाच त्याचा गुन्हा.

नवं प्रूफ कानामात्रांनी शेवटपर्यंत तपासलं.

“तो कुष्ठरोगी कुठंय?”

“काढला.”

“आमच्यासाठी?”

“जागेसाठी.”

“म्हणजे आमच्यासाठीच.” मग म्हणाले, निदान काय काय गाळलं ते प्रस्तावनेत लिहा.

मी मनापासून यादी करायला बसले. नुसती शीर्षकं लिहिली तरी अकरा पानं झाली. मालक म्हणाले, बाई, गाळलेल्यांचाच वेगळा खंड काढू या का? मला प्रस्तावनेत एकच ओळ मिळाली. मी ती सात वेळा लिहिली. शेवटी छापली ती अशी, की ही निवड माझ्या एकटीची आहे आणि बाहेर राहिलेलं आत आलेल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

कानामात्रांनी ओळ वाचली. एक अनुस्वार दुरुस्त केला. यात तो कडेला बसलेला माणूस कुठे दिसत नाही, एवढंच म्हणाले, आणि सही केली. त्यांना वहिनींच्या औषधाच्या वेळेला घरी पोचायचं होतं.

पुस्तक चाललं. लोक मला सांगतात, बाई, सगळा बुद्ध एका खंडात आणलात. पूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर मी खूश झाले असते.