हरलेल्या मॅचचं सुतक

आमच्या घरी एकदा कोणीही न मरता सुतक आलं. आणलं मीच.

त्या साली फायनलमध्ये लष्करची गाठ मुरारशी पडली. (लष्कर म्हणजे फौज नव्हे, ग्वाल्हेरातली आमची राहती वस्ती. छावणी मुरारला. नाव आमच्याकडे आणि बंदुका त्यांच्याकडे, हा अन्याय मॅचच्या आधीपासूनचा आहे.) मी कचेरीत कारकून. बॅट जन्मात हातात धरली नाही, पण लष्करच्या टीमची काळजी माझ्याइतकी कोणी वाहिली नसेल. कप्तानाने तर नाहीच! विजय इतका पक्का धरून चाललो होतो की बायकोला श्रीखंड करायला सांगूनच मैदानावर गेलो. शेवटच्या जोडीला चार रन हवे होते. दोघेही एकाच टोकाला धावले. पुढचं मला अजून सांगवत नाही.

घरी आलो तेव्हा टोपी खुंटीला लावायचंही त्राण नव्हतं. पानं घेतली आहेत, हात धुऊन या, असं बायको म्हणाली आणि माझा तोल गेला.

"मला जेवायचं नाही. आजपासून या घरात सुतक आहे!"

"दहा दिवसांचं?" तिने शांतपणे विचारलं.

"दहा दिवसांचं."

येत्या गुरुवारी वत्सलेचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, साखरपुडा होता. वडील नव्हते, सगळं माझ्यावर. दोन ठिकाणं जुळता जुळता मोडली होती, आणि हे तिसरं मुरारचं मोठ्या मुश्किलीने जमलं होतं. ती दाराआडून हळूच म्हणाली, "दादा, गुरुवारचं?" आज माझ्याशी कोणी बोलू नका, असं सांगून मी भिंतीकडे तोंड केलं.

दुसरी कोणी असती तर नवऱ्याची समजूत काढली असती. आमच्या बायकोचं माहेर भिक्षुकांचं. तिने शास्त्र काढलं. सुतकात गोड चालत नाही, म्हणून श्रीखंडाचं अख्खं पातेलं शेजारी गेलं. (मी ते जाताना पाहिलं. रन-औट पाहवला होता, हे पाहवेना.) माझ्यापुढे बिनतुपाचा वरणभात आला. पानाचा डबा कपाटावर गेला आणि कोपऱ्यात माझ्यापुरती एक कांबळी पडली. सकाळपर्यंत हा शरण येईल, असा तिचा हिशेब होता.

सकाळी मी दाढीचं सामान काढलं, तर तिने ते उचलून ठेवलं. सुतकात दाढी नाही. देवांनाही हात लावायचा नाही. मग पूजा कोण करणार? खरं तर माघार घ्यायची हीच वेळ होती. पण श्रीखंड गमावून बसलेला माणूस माघार घेऊन घेऊन काय मिळवणार? बोलाव उपाध्यांना, म्हटलं.

उपाध्ये पार खासगी बाजार पेठेतून धापा टाकत आले. मी कांबळीवर, दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धीर धरा, भाऊसाहेब." कोण गेलं, हे त्यांनी विचारलं नाही. ज्यांना बॅट कुठल्या बाजूने धरतात हेही ठाऊक नाही, त्यांना मी काय सांगणार? त्यांनी पूजा उरकली आणि ते सराफ्यावरून परत गेले. जाताना भेटेल त्याच्याजवळ हळहळत गेले असावेत.

कारण दुपारपर्यंत तीन घरांतून पिठलंभात आला. काल आमचं श्रीखंड चापलेले शेजारीही आले, माना खाली घालून. मग आमचे हेडक्लार्क आले. म्हणाले, अशा गोष्टी आपल्या हातात नसतात.

"हातातच होतं हो," मी म्हणालो, आणि मला भरून आलं.

ते बराच वेळ माझी पाठ थोपटत राहिले. खरं सांगतो, बरं वाटलं. घरात कोणाला नसलं तरी कचेरीला लष्करच्या पराभवाचं इतकं दुःख आहे, असं मी धरून चाललो. फार विचार करण्याची ताकदच नव्हती.

तिसऱ्या प्रहरी दाराशी मुरारचा टांगा थांबला. वत्सलेचे होणारे सासरे, आबासाहेब, आत आले. गंभीर चेहऱ्याने खुर्चीच्या कडेला टेकले. बायकोने पाणी पुढे केलं, तर त्यांनी हात जोडले. सुतकाच्या घरचं पाणी घेत नाहीत. तेव्हा कुठे मला कळलं, हे सगळे खरंच कोणीतरी गेलं समजून येत होते.

"गुरुवारचं आता राहू द्या," ते म्हणाले. "तुमचे दहा दिवस जाणार, मग मुहूर्त मिळत नाही. खैर, पुढं बघू."

'पुढं बघू' म्हणजे काय, हे आमच्या घरात दोनदा ऐकून झालं होतं. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या.

"पण भाऊसाहेब, गेलं कोण?"

दिवसभरात हे विचारणारे तेच पहिले. मी बायकोकडे पाहिलं. ती गहू निवडत होती.

"कोणी नाही," मी म्हणालो. "काल लष्कर हरलं."

बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला.

"मॅचचं सुतक धरलंय तुम्ही?"

"हो."

त्यांनी बायकोकडे मान वळवली. "रीतसर?"

"अगदी रीतसर," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "आम्ही काही कमी पडू दिलं नाही."

आबासाहेब उठले. अशा घरची मुलगी कोण करील? मीही केली नसती. ते दारापर्यंत गेले आणि टांगेवाल्याला हाक मारली, "अरे भाई, सीट के नीचे का डिब्बा ले आओ."

डब्यात पेढे होते. मुरार जिंकल्याचे! मला चिडवायला म्हणून ते दुपारी घेऊन निघाले होते. सराफ्यात उपाध्ये भेटले, बातमी कळली आणि बिचाऱ्यांनी लाजेने डबा टांग्यात दडवला.

"दुखवटा सोयऱ्यांनी काढायचा असतो," आबासाहेब माझ्यापुढे पेढा धरून म्हणाले. "तोंड गोड करा, सुतक फिटलं. मग आम्ही गुरुवारी येतो."

मी लष्करचा माणूस. मुरारच्या विजयाचा पेढा, माझ्याच घरात, माझ्याच तोंडात! दाराच्या फटीतून वत्सलेचा एक रडवेला डोळा माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं.

पेढा उत्तम होता. हरल्यापेक्षा तेच जास्त लागलं. आणि काय करणार, कालपासून गोडाचा कण पोटात नव्हता. मी निमूटपणे हात पुढे केला आणि दुसरा मागून घेतला.