नत्राचा थर्मास

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. माहेर पेणला, नोकरी नवी आणि अंगात मस्ती भरपूर. एके दिवशी शेवटच्या वर्षाच्या वर्गाला एक्सायटॉन शिकवायचा होता. अर्धवाहकावर प्रकाश पडला की एखादा इलेक्ट्रॉन जागा सोडून उठतो आणि मागे रिकामी जागा राहते. पण कधीकधी तो लांब जातच नाही. भांडून माहेरी निघालेली बाई एस्टी स्टँडवरच घुटमळावी तसा तो त्या रिकाम्या जागेभोवती फिरत राहतो. ही जोडी म्हणजे एक्सायटॉन. वर्ग हसला आणि मी स्वतःवर खूश झाले.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. आईवडील पेणच्या खाडीकडे मिठागरावर कामाला, ती रोह्यालगतच्या अष्टमी गावात मावशीकडे राहून शिकत होती. डोळ्यांना दिसल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवायची नाही. तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही बघितलाय काय?"

"बघितलाय की," मी म्हटलं. पुस्तकातल्या आलेखाखेरीज मी काहीही पाहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मग आम्हाला पण दाखवा ना." थाप अशी लगेच अंगाशी आली.

रात्रभर मला स्वतःचाच राग येत राहिला. सकाळी मी मुंबईच्या माझ्या जुन्या सरांना पत्र लिहिलं. त्यांनी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत कापूस घालून कॅडमियम सल्फाइडचा स्फटिक पाठवला. पिवळाधमक, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. त्यातून प्रकाश सोडला तर निळा भाग तो गिळतो आणि बाकीचा पलीकडे जाऊ देतो. एक्सायटॉन असेल तर हिरव्यानिळ्याच्या काठावर बारीक काळी रेघ दिसते. पण रोह्याच्या उकाड्यात अणूंची अशी धक्काबुक्की चालते की ही जोडी टिकतच नाही. रेघ हवी तर द्रवरूप नत्राची थंडी हवी, शून्याखाली जवळजवळ दोनशे अंश.

अशी थंडी पेणला आमच्या शेजारीच होती. शेजारचे काका जनावरांचे डॉक्टर. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणारं वळूंचं, रेड्यांचं वीर्य ते दवाखान्यात नत्रात ठेवत. दर पंधरा दिवसांनी गाडी येऊन नत्र भरून जायची. काकांनी भांड्यात पट्टी बुडवून वर काढली आणि तिच्यावर कुठवर बर्फ जमलाय त्यावरून नत्र किती उरलंय ते पाहिलं.

"अर्धा लिटर देतो. वर थेंब नाय. त्या वळूंची पुढची पिढी याच्यात हाय गो."

चहाच्या थर्मासमध्ये नत्र घेऊन मी रोह्याच्या एस्टीत बसले. झाकण घट्ट लावलं तर थर्मास फुटेल म्हणून ते सैल ठेवलेलं. नागोठण्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं रसायनाच्या कारखान्याजवळ गाडीला गचका बसला आणि पिशवीतून पांढरा धूर निघाला. मागून कुणी तरी म्हणालं, "कंपनीचा गॅस सुटला वाटतं." झालं, अर्धी गाडी खाली उतरली. कंडक्टर मला काही केल्या परत चढू देईना. शेवटी शिफ्ट संपवून घरी निघालेल्या एका कामगारानं थर्मासमध्ये डोकावून पाहिलं. "नायट्रोजन हाय हा. आमच्याकडं रोजचाच. खिडक्या उघड्या ठेवा, काय नाय होत." या गोंधळात अर्धा तास गेला. माझा जीव त्या धुरात अडकला होता.

प्रयोगशाळेत आले तेव्हा थर्मास चांगलाच हलका झाला होता. आधी एकटीनं बघून घ्यायचं, मग रुबाबात वर्गाला दाखवायचं, असा माझा बेत होता. पण पोरं दारातच उभी. शिवाय आपल्या दमट हवेत स्फटिक ठेवलेल्या काचेच्या नळीवर सारखा बर्फ धरत होता. एका हातानं नत्र ओतायचं आणि दुसऱ्या हातानं स्पिरिटच्या बोळ्यानं काच पुसायची. प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरला डोळा लावायला मी उरलेच नाही. मी त्या मुलीला म्हटलं, "तू बघ."

नळीतला स्फटिक फिकट होत लिंबाच्या सालीच्या रंगावर आला. ती स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावून होती. मग हळूच म्हणाली, "आली. केसासारखी हाय. निळ्याच्या काठाला." मी थर्मास उपडा करून उरलंसुरलं नत्र ओतलं. आणखी थोडा वेळ गेला आणि ती म्हणाली, "पुसट झाली. गेली."

मी धावत जाऊन डोळा लावला. नुसता हिरवा उजेड होता. मला तिचा हेवा वाटला, अगदी खरा.

ती डोळे चोळत माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही बघितलेली ती पण अशीच बारीक होती?"

सगळा वर्ग ऐकत होता. मी म्हटलं, "मी कधीच बघितलेली नाही. तेव्हा मी खोटं बोलले होते."

कुणी हसलं नाही. तिनं खडू उचलला आणि समोरचा बाक माझ्यासाठी सरकवला. "मग बसा, मी सांगते तुम्हाला."

मी बाकावर बसले.