निकमांचा अंगठा

फोन आला तेव्हा मी ओझरच्या एका माणसाशी जुन्या लेथ मशीनचा भाव करत होतो. सौदा अगदी टोकाला आला होता. "अण्णा, मामंजी गेले," एवढंच माझी मुलगी शोभा म्हणाली. मी रिसीव्हर ठेवला, समोरच्याला "घेऊन जा बाबा, तू म्हणशील त्या भावात" असं सांगितलं आणि खुर्चीत बसून राहिलो. त्या क्षणी मला रडू आलं नाही. राग आला. थोड्याच दिवसांपूर्वी मी त्या माणसाच्या घरातून दार आपटून बाहेर पडलो होतो. उद्या परत यायचं आणि उरलेलं सगळं तोंडावर बोलायचं असं ठरवून. तो उद्या मी पुढे ढकलत राहिलो, आणि हा माणूस भांडण अर्धवट टाकून निघून गेला...

भास्करराव निकम माझे व्याही. फौजेत आर्मरर हवालदार होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. नोकरीची शेवटची वर्षं ते नव्या जवानांना मशीनगन ओळखायला शिकवत. आपली कोणती, शत्रूची कोणती, कुठल्या मार्कची... एकाच गनच्या सुधारलेल्या प्रत्येक आवृत्तीला फौजेत मार्क म्हणतात. मी हातगाडीवर भंगार गोळा करत वर आलेला माणूस, लिलावात माल घेणं हा माझा धंदा. त्यांच्या विलासशी माझ्या शोभाचं लग्न ठरताना मी बोलणी इतकी ताणली की निकम हसून म्हणाले, "शेठ, जरा दमानं. पोरगी देताय, इंजिन विकत नाही." मी म्हटलं, "इंजिन असतं तर एवढा वेळ घातला नसता." तिथेच आमचं जमलं.

विलास ब्रेन नावाची लाइट मशीनगन चालवायचा. एकाहत्तरच्या लढाईत तो पश्चिमेच्या वाळूत बेपत्ता झाला. काही महिन्यांनी त्याच्या तुकडीतला एक जवान निकमांच्या इंदिरानगरच्या घरी आला. तेव्हा तिथे घरं मोजकीच होती, अंगणातून दूरवर रिकामे प्लॉट दिसायचे. त्याने खिशातून एक फोटो काढला. वाळूत पालथा पडलेला एक देह, चेहरा दिसत नाही. शेजारी गन. गोळ्यांचं मॅगझिन निघालेलं, नळी पुढून वाळूत गाडली गेलेली. "ही विलासचीच जागा, काका," तो खाली मान घालून म्हणाला. निकमांनी फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला, आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाले, "ब्रेन गन आहे, पण पहिला मार्क. विलासची तिसऱ्या मार्कची होती. हा माझा मुलगा नाही."

त्या वाक्यापुढे कोण बोलणार? ज्याने आयुष्यभर गना उघडल्या, पुसल्या, जोडल्या, तो माणूस सांगत होता. विहीणबाईंनी देव्हाऱ्यापुढे हात जोडले. शोभाने मंगळसूत्र मुठीत धरलं. आणि माझ्या पोरीचं आयुष्य त्या दिवसापासून दाराकडे बघत बसलं.

मी माल न तपासता काही घेत नाही. फोटो हातात मागितला, तर त्यांनी दिला नाही. स्वतःच धरून दाखवायचे. मग मी म्हटलं, "ठीक आहे. मला शिकवा. माझं मी ओळखीन." त्यांनी खरंच शिकवलं. पुढची कित्येक वर्षं रविवारी संध्याकाळी मी गंगापूर रोडवरून सायकल मारत, पुढे स्कूटरवर, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांनी त्यावर गनांच्या काळ्या आकृत्या रंगवल्या होत्या. एक पुठ्ठा क्षणभर वर करायचा आणि पाठीमागे लपवायचा. "गौर से देखो! बोला शेठ, काय होतं?" मी चुकलो की म्हणायचे, "मेलात. शत्रूने तुम्हाला कधीच उडवलं." शोभा चहा ठेवता ठेवता हसायची. तिचं हसू मला त्या ओट्यावरच दिसायचं.

शिकवताना मात्र त्या माणसाने कधी खोटं सांगितलं नाही. जुन्या व्हिकर्स गनच्या नळीभोवती पाण्याचं पिंप असायचं, ती उचलायलाच माणसं लागायची. पुढे पाणी गेलं, आणि तापलेली नळी झटकन बदलायची सोय आली. ब्रेनचं मूळ चेक लोकांच्या गनमध्ये. आपल्या फौजेत तिच्या आधी दुसरीच एक होती, दिसायला ब्रेनची सख्खी बहीण, पण अंगाने लांबट, सडपातळ. भले भले तिला ब्रेन म्हणून मोकळे होत. ब्रेनचं मॅगझिन वाकडं का? जुन्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, एकावर एक रचली की रांगच वाकते. आणि मार्क ओळखायचा कसा? "मॅगझिन नसलं, नळी दिसत नसली, तर मागची नेम धरायची साइट बघायची," ते सांगायचे. "पहिल्या मार्कला डाव्या अंगाला गोल चक्री, रेडिओच्या बटणासारखी. पुढच्या मार्कांत ती खर्चिक चक्री काढली आणि पत्र्याची साधी उभी पट्टी लावली. लढाईत कारखान्याला वेळ कुठे असतो?"

"मग फोटोत दाखवा चक्री," मी दर वेळी म्हणायचो. ते फोटो आणायचे. चिमटीत धरायचे. अंगठा बरोबर गनच्या मागच्या भागावर. मी म्हणायचो, "अंगठा काढा." ते म्हणायचे, "फोटो जुना झालाय, शेठ, वाकतो." मी चिडायचो, आवाज चढायचा, विहीणबाई मध्ये पडायच्या. एकदा शोभासाठी स्थळ आलं होतं. बायको वारलेला, सरळ माणूस, ओझरला कारखान्यात पक्की नोकरी. मी अंगणात उभा राहून ओरडलो, "निकम, माझी पोर सुकत चाललीय! एकदा तोंडाने म्हणा, तो गेला." आतून शोभाच बाहेर आली. "अण्णा, मी कुठे जाणार नाही. घरी जा." त्या दिवशी मी त्यांचा चहासुद्धा प्यायलो नाही.

अशी वर्षं गेली. विहीणबाई वाट पाहतच गेल्या. शोभाच्या केसांत पांढरं दिसू लागलं. या हिवाळ्यात निकमांनी अंथरूण धरलं आणि मला बोलावणं पाठवलं. गेलो तेव्हा शोभा शाळेत शिकवायला गेली होती. त्यांनी उशाखालचा फोटो काढला, माझ्यासमोर धरला, आणि अंगठा बाजूला केला.

"गौर से देखो," ते म्हणाले. आवाजच उरला नव्हता. "कोणता मार्क?"

चक्री नव्हती. पत्र्याची पट्टी होती, उभी, स्पष्ट.

"तिसरा," मी म्हणालो.

"बरोबर. पास झालात."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तो पोरगा दारात उभा होता तेव्हाच." ते छताकडे बघत होते. "शेठ, मी हो म्हटलं असतं तर तुम्ही शोभाला घेऊन गेला असता. ती इथे होती तोवर विलास रजेवर यायचा आहे असं वाटायचं... ती गेली असती तर तो खरंच मेला असता."

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजारी माणसाला तसं बोलू नये. पण विलास गेला तेव्हा माझी मुलगी एकवीस वर्षांची होती, आणि या माणसाने तिला आपल्या घरात जिवंत भिंतीसारखी उभी केली होती. दार आपटलं ते त्याच वेळी.

तेराव्यानंतर मी शोभाला सगळं सांगायला गेलो. तिने फोटो आणून माझ्या हातात दिला आणि माझ्या आधी तीच म्हणाली, "तिसरा मार्क आहे, अण्णा."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही दोघांनीच. दर रविवारी चहा घेऊन कोण यायचं? एकदा ते झोपले असताना मी फोटो पाहिला. ते स्थळ आलं त्याच्याही आधी."

"मग का थांबलीस गं? का?"

तिने फोटो परत आपल्या हातात घेतला. मग म्हणाली, "त्यांना ठाऊक आहे हे मला कळलं होतं. फोटो धरताना तो अंगठा कसा थरथरायचा, तुम्ही पाहिलं नाहीत? तुम्ही फोटो बघत होता. मी अंगठा बघत होते. तो मी कसा उचलणार होते, अण्णा?"

मी आयुष्यभर समोरच्याचे हात बघून भाव केले. कोण घाईत आहे, कोण खोटं बोलतोय, हे मला बोटांवरून कळतं. आणि त्या एका अंगठ्याकडे...

निकमांना मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही, शोभाने केलं असलं तरी. पण रविवारी मी जातो. पुठ्ठे ओट्याच्या कोनाड्यात तसेच आहेत. शोभा चहा आणते, आम्ही फारसं बोलत नाही. फोटो हातात घेतला की कळतं, गनच्या मागच्या बाजूची चकाकी गेली आहे, तिथे अंगठ्याएवढा धुरकट डाग पडलाय. साइटची पट्टी आता धड दिसतही नाही. फोटो धरायला गेलं की दुसरीकडे पकड बसत नाही. माझाही अंगठा तिथेच जातो.