चहाच्या कूपनांची टोळी

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर शहरात बनावट कूपनांचा व्यवहार करणारी एक संघटित टोळी आम्ही उघडकीस आणली. ते प्रकरण अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. 'संघटित टोळी' हे शब्द माझे नव्हेत, आमच्या वरिष्ठांचे. टोळी होती हे खरे. संघटित होती हे तर फारच खरे. इतका चोख बंदोबस्त आमच्या खात्याला विसर्जनाच्या मिरवणुकीतही कधी जमला नाही. बनावट मात्र त्यात काही नव्हते, आणि टोळीतल्या एकीलाही अटक करण्याची माझी हिंमत झाली नाही.

त्या वेळी मी गांधीबागेजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. ते दिवस स्टीलचे होते. घरोघरची पितळेची भांडी मोडीत जात होती आणि ज्याच्या फळीवर स्टीलचे चार डबे, त्याच्याशी लोक जरा जपून बोलत. चहाच्या एका कंपनीने हे ओळखले. आता ती कंपनी राहिलेली नाही. तिने प्रत्येक पाकिटात एक कूपन घालायला सुरुवात केली. थोडी कूपने जमली की चमचा, आणखी जमली की पेला, आणि भलामोठा गठ्ठा जमला की पाण्याचा गुंड. गुंडापुरती कूपने एका कुटुंबाने जमवायची म्हटली तर घरातल्या माणसांना झोप सोडून चहा प्यावा लागला असता. योजना आखणाऱ्यांना हे ठाऊक असावे. दुकानाच्या काचेत तो गुंड दाखवण्यासाठी ठेवला होता, देण्यासाठी नव्हे.

रथसप्तमी नुकतीच होऊन गेली होती. एका दुपारी त्या कंपनीचे शहरातले एजंट ठाण्यात आले. कोट, कोटाला कंपनीचा बिल्ला, हातात कापडी पिशवी आणि तीन प्रतींत लेखी अर्ज. त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. कूपनांचा ढीग पडला.

"आमच्याच गल्लीतली बाई आहे साहेब. शिवणकाम करते. एकदम एवढी घेऊन आली. गुंड पाहिजे म्हणे. एवढा चहा आमच्या अख्ख्या गल्लीत खपत नाही. आणि हे पाहा."

त्यांनी काही कूपने उलटी करून दाखवली. त्यांवर तांबडे-पिवळे डाग होते, कुठे ठळक, कुठे पुसट.

"शाई सुटून राहिली आहे. हा छापखान्याचा माल आहे."

एजंट लबाड नव्हते. दिलेल्या प्रत्येक भांड्याचा हिशेब त्यांना कंपनीला द्यावा लागे, आणि आजवर कोणी गुंड मागितलाच नव्हता. मी गुन्हा दाखल न करता अर्ज चौकशीवर ठेवला, दोन पंचांसमोर कूपने ताब्यात घेतली आणि बाईंना बोलावणे पाठवले.

त्या आल्या तशा सरळ टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षे झाली होती. गांधीबागेतल्या कापडदुकानांसाठी त्या परकर शिवत. एकुलत्या एका मुलीचे लग्न फाल्गुनात ठरले होते, मुलगा खापा गावचा. गल्ली त्यांना मावशी म्हणे, म्हणून मीही इथे तेच म्हणतो.

"कूपनं कुठून आणली?"

"विकत घेतली जी."

"कोणाकडून?"

"नाक्यावरच्या चहावाल्याकडून. तो फेकून द्यायचा म्हणे. मी म्हटलं, फेकतं काहून गा, मले दे. तं म्हणे, फुकट नाही देत मावशी, पैसे पडतीन."

"आणि तुम्ही दिलेत?"

"तं काय! दुकानात गुंडाची जे किंमत आहे, त्याच्या पाव हिश्शात पडला मले. हिशेब करूनच घेतली मी." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला. मग न विचारताच म्हणाल्या, "फुकट कोणाचं घेत नाही मी. हे गेले तवापासून नाही घेतलं."

गुंडाची एवढी घाई कशाला, असे मी विचारले. मुलाच्या आत्याने म्हणे सहज चौकशी केली होती, रुखवतात स्टीलचा गुंड राहील ना. अशा सहज चौकशीचा अर्थ आपल्याकडे प्रत्येक मुलीच्या आईला कळतो. लग्नाच्या मांडवात रुखवताच्या भांड्यांमध्ये गुंड दिसला नाही, तर त्या मुलीला पाणी भरताना दर वेळी ते ऐकावे लागले असते.

"लग्नाच्या आधी भेटतीन ना साहेब कूपनं?"

चौकशी पुरी झाल्याशिवाय सांगता येणार नाही, असे मी म्हणालो. त्यांनी बाहीला चिकटलेला दोरा काढला, बोटाला गुंडाळला आणि निघून गेल्या.

आमचे हवालदार नोकरीत माझ्यापेक्षा जुने होते. ते म्हणाले, "बाई खोटं बोलून नाही राहिली साहेब. खोटं बोलणारा एवढ्या अभिमानानं भाव सांगत नाही."

चहावाला मूळचा पारशिवनीकडचा. आमच्या ठाण्यात रोजचा चहा त्याचाच येई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हवालदार त्याच्या टपरीवर गेलो. बाकावर बसून मी त्याचे हात पाहत होतो. पत्र्याच्या डब्यातून तो सुटा चुरा काढी आणि उकळत्या पाण्यात टाकी. पाकिटाचा चहा टपरीवर कोणी वापरत नाही, परवडत नाही. त्याचा चहा चुऱ्याचा असतो याचा पुरावा आम्ही ठाण्यात वर्षानुवर्षे पीत होतो, फक्त त्या दृष्टीने कधी पाहिले नव्हते.

"मावशींना कूपनं तूच विकलीस?"

"हो जी."

"मग पाकिटं कुठं आहेत?"

त्याने डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "साहेब, तुम्ही मले आत टाका. पण हे इचारू नका."

"काहून गा?" हवालदार म्हणाले. "कोणाले भेतं एवढा?"

"तुमाले नाही भेत हवालदार साहेब. राग नका मानू."

त्याला ठाण्यात आणून बसवला. तो स्वतःचाच चहा पीत बसून राहिला, पण बोलला नाही. इकडे ही बातमी वर पोचली होती. एका स्थानिक वृत्तपत्राने 'शहरात बनावट कूपनांचे जाळे' असा मथळा दिला. तो वाचून आमच्या वरिष्ठांना टोळी दिसू लागली. ठळक डाग असलेली कूपने निवडून रासायनिक विश्लेषकांकडे पाठवा, असा हुकूम आला. पुसट डागांची मागे ठेवून मी ती वेगळी काढली, पाकिटात घालून वर लाखेचे सील केले आणि पाठवून दिली. इतक्या इतमामाने खुनातले सुरेही आम्ही पाठवत नसू.

त्याच दुपारी टोळी स्वतःहून हजर झाली. सात-आठ बायका ठाण्याच्या दारात. मावशी शिवलेले परकर दुकानात द्यायला गेल्या, ती वेळ त्यांनी साधली होती. पुढे होत्या त्या ठसठशीत बाई एजंटांच्या पत्नी, हे हवालदारांनी माझ्या कानात सांगितले.

"चहावाल्याला सोडा साहेब," त्या म्हणाल्या. "त्याचा काही दोष नाही. कूपनं आम्ही त्याच्याकडे देतो. तो मावशींना विकतो."

"तुम्हीच का देत नाही?"

"घेतीन काय मावशी?" मागून एक जण म्हणाली. "मागच्या साली मी वाटीभर भाजी नेली, तं दुसऱ्या दिवशी वाटीत लाडू घालून परत आणली. त्यायच्या इथं काही पाठवणं म्हणजे त्यायलेच खर्चात पाडणं होय."

"त्यायचे लाडू बरे होते ना वं पण," दुसरी म्हणाली.

मग एकेक तुकडा जुळत गेला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीत रोज कोणाच्या तरी घरी हळदीकुंकू असे. जाताना प्रत्येक बाई घरात निघालेली कूपने घेऊन जाई आणि हळदीकुंकवाच्या तबकात टाकी. असे सलग दोन वर्षे चालले होते. तांबड्या-पिवळ्या शाईचा उलगडा झाला. हवालदारांनी मुद्देमालातले एक कूपन उचलून नाकाशी धरले आणि ते गुपचूप खाली ठेवले.

"पण हळदीकुंकवातच का?" मी विचारले. "विहिरीवर देता आली असती, देवळात देता आली असती."

मागच्या बायका पदर सावरू लागल्या. शेवटी एजंटांच्या पत्नी म्हणाल्या, "विहिरीवर मावशी असतात. देवळातही असतात. हळदीकुंकवाला त्या येत नाहीत." मग म्हणाल्या, "बोलावत नाही आपण. पद्धत आहे."

सबंध गल्लीत मावशींपासून काही लपवता येईल अशी तेवढी एकच जागा होती. हे सांगताना त्यांच्यातली एकही माझ्याकडे पाहत नव्हती.

चौकशी अधिकाऱ्याने विषय बदलायचा असेल तर पैशांकडे वळावे. मी विचारले, "चहावाल्याला मावशींनी दिलेले पैसे कुठं आहेत?"

"त्याच्याच डब्यात. लग्नात आहेर म्हणून मावशींनाच द्यायचे."

"म्हणजे त्यांचेच पैसे त्यांना परत?"

"मग काय तुमाले द्यायचे काय?" मागची बाई म्हणाली. हवालदार खोकल्याचे निमित्त करून बाहेर गेले.

जाता जाता एजंटांच्या पत्नी थांबल्या. "यांना मात्र सांगू नका साहेब. आमच्या घरी कंपनीचाच चहा येतो. एजंटाच्या घरच्यांनी कूपन वापरायचं नाही, असा नियम आहे. यातली निम्मी आमच्याच घरची आहेत."

मी सांगितले नाही. एजंटांना बोलावून एवढेच म्हणालो की कूपने खरी आहेत असे माझे मत आहे. पण आपला आग्रह असेल तर गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन बायकांचे जबाब घेऊ, आपल्या घरापासून सुरुवात करू. ते घरी गेले. तिथे काय चौकशी झाली मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज मागे घेतला, तोही तीन प्रतींत.

तरी एक अडचण उरली. सील करून पाठवलेली कूपने लवकर परत येणार नव्हती, आणि गठ्ठ्यातले एकही कमी झाले तर गुंड देता येणार नाही, असे एजंटांनी हात जोडून सांगितले. त्यांचा नाइलाज होता. मग पुढचा आठवडाभर आमच्या ठाण्यात पाकिटाचा चहा झाला. हवालदारांच्या घरी झाला, माझ्याही घरी झाला. चहावाला नाराज होता. त्याच्या मते पाकिटाच्या चहाला रंगच येत नव्हता. त्याच्याशी मी सहमत होतो. पण कूपने पुरी झाली.

ती मूळच्या ढिगात मिसळून मी मावशींना बोलावले. तक्रार गैरसमजातून झाली होती, आपली कूपने मोजून घ्या आणि पावतीवर सही करा, असे सांगितले. त्यांनी मोजली नाहीत. टेबलाशी बसून एकेक उलटून पाहत राहिल्या आणि काही कूपने बाजूला काढून माझ्यापुढे सरकवली.

"हे माह्ये नोहेत जी."

"तुमचीच आहेत. तेवढीच होती."

"हे कोरे आहेत," त्या म्हणाल्या. "कुंकू नाही लागलं यायले. हे तुमच्या ठाण्यातले होत."

हवालदार माझ्याकडे पाहू लागले. मी पावतीकडे पाहू लागलो.

"मले कुंकू ओळखता येत नाही काय साहेब?" त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्याच वक्ताले ओळखलं मी. त्या चहावाल्याच्या घरी कोण करते हळदीकुंकू? बायको तं त्याची गावाकडे राहते."

"मग घेतलीत कशी?"

"पैसे देऊन घेतली ना. फुकट घेतली काय?" त्यांनी कोरी कूपने परत आपल्या गठ्ठ्यावर ठेवली. "बाया खुश होत्या दोन सालापासून. मी वाटेनं दिसली की एकमेकीले चिमटे घेत. त्यायचा आनंद मी काहून घालवू? तुम्ही बी नका सांगू त्यायले."

मग कमरेची चंची सोडून त्यांनी ठाण्याच्या कूपनांचे पैसे टेबलावर ठेवले, चहावाल्याला दिले त्याच दराने. मी नको म्हणालो. त्या उठेनात. इतक्या वर्षांच्या नोकरीत नागरिकाकडून टेबलावर घेतलेले तेवढेच पैसे. ते हवालदारांनी लग्नात आहेराच्या पाकिटात घालून परत केले.

लग्न गल्लीतच मांडव घालून झाले. रुखवतात गुंड मधोमध होता. खाप्याच्या आत्याने त्यावर बोट वाजवून पाहिले आणि मान डोलावली. चिमटे घेणाऱ्या बायका एका बाजूला उभ्या होत्या, मावशी दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंना माझ्याकडून एकच अपेक्षा होती, की मी तोंड उघडू नये. कबुलीजबाब मिळवण्याचे प्रशिक्षण मला सरकारने दिले होते. मिळालेला जबाब कुठेही न लिहिता सांभाळायचा कसा, हे त्या मांडवात शिकलो. गल्लीतल्या बायका म्हाताऱ्या होईपर्यंत त्यांना वाटत राहिले की मावशींना काही कळले नाही. आज त्यांतल्या बहुतेक जणी नाहीत, म्हणून लिहितो आहे.

रासायनिक विश्लेषकांचा अहवाल आला तेव्हा मावशींना नातू झाला होता आणि कंपनीची योजना बंद पडली होती. अहवाल गोपनीय होता. पिवळे डाग हळदीचे आहेत. तांबडे डागही हळदीचेच असून ती चुन्यामुळे लाल झाली आहे. शाई आढळून आली नाही.