एक्क्याण्णवाव्या जागेवरचा चार

इनामगावचे ज्ञानदेव सर रिटायर झाले, पण गणित काही त्यांना सोडेना. शाळेत मी त्यांच्या छड्या खाल्ल्या आहेत, त्यामुळे उगाच स्तुती करणार नाही. माणूस चिडका, हट्टी आणि चहा फुकटचाच पिणारा.

२००२ साली मी शिरूरला कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा ते वही घेऊन आले. वहीत एकच संख्या, एकशे अडुसष्ट अंकी, मराठी आकड्यांत. गणिताच्या कुठल्याशा मासिकातून उतरवलेली. ती संयुक्त आहे, म्हणजे तिला भाग जातो, हे कसोटीने सिद्ध झालं होतं. कशाने जातो, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"दाराशी चपला हायती, म्हंजी घरात माणूस हाय," सर म्हणाले. "कोण हाय, ते न्हाई कळत. नऊ वर्षं दार वाजवतोय मी."

मी वहीत बघून संख्या टाइप केली आणि अवयव पाडणारा प्रोग्रॅम लावला. चहा येईपर्यंत उत्तर आलं. अकरा अंकी अवयव. सरांनी क्लासभर पेढे वाटले, तेही स्वतःच्या खिशातून. मीही दोन खाल्ले.

ते गेल्यावर मी वहीच्या पानाची काढून ठेवलेली झेरॉक्स पडताळली. एक्क्याण्णवाव्या जागी सरांचा ४ होता. दिवसभर इंग्रजी आकडे बडवणाऱ्या माझ्या बोटांनी तिथे 8 मारला होता. फुटली होती ती भलतीच संख्या. खरी टाकून मशीन चार दिवस चालू ठेवलं, काही निघालं नाही.

नऊ वर्षांनी हसलेल्या म्हाताऱ्याला हे सांगायचं कसं? बाजाराच्या दिवशी सर आले, दाढी वाढलेली. मी एका दमात सांगून टाकलं.

सरांनी पिशवीतून वही काढली आणि त्या ४ वर बोट ठेवलं. "म्हंजी फुटली न्हाई?"

"नाही सर. चूक माझी."

"पेढे वाटून घरी गेलो आन् वही मिटली," ते म्हणाले. "तवापासनं सकाळी उठून करायचं काय, तेच कळंना बघ पोरी."

त्यांनी माझं पेन घेतलं, ४ भोवती गोल केला आणि वही पुन्हा पिशवीत घातली. पुढची चार वर्षं ते दर बाजाराला येत राहिले.

"नाही निघालं, सर," मी म्हणायचे.

"बरं हाय," म्हणून ते खुर्ची ओढायचे आणि चहा मागायचे. फुकटचाच.